चहा नको म्हटल्याची सकाळ

"दिवसाला किती कप?" परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं. मी पाच सांगितले.

"पाच तर घरातलेच," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "बाहेरचे कोण मोजणार?"

तिचं खरं होतं. मी गंगाखेड तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करतो. वस्त्यांवर लस टोचायला जायचं म्हणजे दारोदार चहा. दोन महिन्यांपासून छातीत मधूनच ठोका चुकायचा, मग लागोपाठ तीन-चार धडाधड पडायचे. तपासणीत हृदय ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, "चहा हळूहळू कमी करा. एकदम तोडू नका." घरी येता येता मी ठरवून टाकलं, हळूहळू वगैरे आपल्याला जमायचं नाही. उद्यापासून बंद.

पहिला दिवस ताठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोकं कपाळापासून मानेपर्यंत ठणकायला लागलं. वरण अळणी आहे म्हणून मी ताट सरकवलं. बायकोने चव घेऊन पाहिली, मिठाचं काही कमी नव्हतं. ती ताट उचलून आत गेली. तिने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राणीसावरगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर जायचं होतं. आजूबाजूला शेळ्यांत रोग शिरला होता. तोंडाला फोड, हगवण, आणि चार दिवसांत शेळी गार. वस्ती सात-आठ घरांची. थोडं रान, बाकी मजुरी, आणि सगळ्यांच्या मिळून ऐंशीएक शेळ्या. एका म्हाताऱ्या बाबांच्या शब्दावर वस्ती चालायची. मी त्यांना मामा म्हणायचो. त्या दिवशी सगळ्या शेळ्या त्यांच्याच काटेरी कुंपणाच्या वाड्यात कोंडून ठेवल्या होत्या.

मी बर्फाच्या डब्यातून बाटली काढली, लस मिसळली. एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, नाही तर फेकायची. तेवढ्यात मामांची सून कपबशी घेऊन आली. मला तो वास आधी आला.

"चहा नको," मी म्हणालो. डोक्यात घण पडत होते, म्हणून आवाज जरा तुटकच निघाला. "बंद केलाय." आणि पिशवीतून माझी पाण्याची बाटली काढून डोकेदुखीची गोळी घेतली.

मामा माझ्या बाटलीकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "शेळ्या सोड रानात."

"मामा, लस मिसळलीय. वाया जाईल."

"जाऊ द्या." ते उठले. "तुमच्या आधीचे सायेब बी असंच करायचे. चार वर्षं आले. लस आमच्या शेळ्यायला, अन् पाणी त्यांच्या बाटलीतलं. आमच्या घरचा घोटभर घेतला न्हाई. आमाला कळत न्हाई का, काहून ते?"

मी डॉक्टरांचं सांगितलं, छातीचं सांगितलं. माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. मला रागही आला. माझं डोकं फुटायलंय आणि यांचं काय चाललंय, असं वाटलं. पण राग फार वेळ टिकला नाही. आमच्या घरी गोठ्याच्या फळीवर एक कान तुटलेला कप असायचा, कामाला येणाऱ्या एका बाईसाठी वेगळा ठेवलेला. लहानपणी मी तो कित्येकदा तिच्यापुढे नेऊन ठेवला होता. ती स्वतःच धुऊन परत फळीवर ठेवायची. मामा मला काय समजत होते ते मला नीट माहीत होतं.

सुनेने वाड्याच्या फाटकाची कडी काढली. दोन शेळ्या बाहेर आल्यासुद्धा.

मी ओट्यावरची कपबशी उचलली आणि चहा पिऊन टाकला. गोड, दाट, जीभ पोळणारा. मग म्हणालो, "आता धरा शेळ्या."

मामांनी सुनेला हातानेच खूण केली. सुनेने बाहेरच्या दोन्ही शेळ्या आत ओढल्या आणि कडी लावली.

ती एकेक शेळी गुडघ्यात धरायची, मी मानेजवळची कातडी चिमटीत पकडून सुई घालायचो. थोड्याच वेळात डोकं हलकं झालं, इतकं की लाज वाटावी. चाळीस झाल्या, पन्नास झाल्या. साठाच्या पुढे छातीत पहिला ठोका चुकला. मी थांबलो नाही. घड्याळात अर्धा तास उरला होता. मग मात्र असे धडाधड पडायला लागले की सुई बाजूला ठेवावी लागली. मी मांडी घालून मातीतच बसलो.

मामांनी जवळ येऊन माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"खरंच व्हतं की तुमचं," ते हळूच म्हणाले. "मग चहा पेला काहून?"

"तुमी शेळ्या सोडायला लागला व्हता."

"आमी काय जबरदस्ती केली का?"

"केलीच की तुमी," सून शेळी धरलेल्या जागेवरूनच म्हणाली. "अजून कशी करत्यात?"

मामा हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. पाच-सात मिनिटांनी छाती शांत झाली. उरलेल्या शेळ्या आम्ही वेळेत उरकल्या. त्या हंगामात त्या वस्तीवरची एकही शेळी रोगाने गेली नाही.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर हळूहळू म्हणले होते ना?" मग तिनेच कप लहान केले, दर आठवड्याला एकेक कमी केला. दीड महिना लागला. आता सकाळचा एक अर्धा कप उरलाय, आणि ठोका क्वचितच चुकतो.

वस्त्यांवर नाही म्हणायची वेळ रोज येते. आता मी घाईत म्हणत नाही, आधी बसतो, मग कारण सांगतो. बऱ्याच ठिकाणी पटतं. काही घरी मात्र समोरचा माणूस "बरं" म्हणून आत निघून जातो. तेव्हा काम संपलेलं असलं तरी मी लगेच उठत नाही. तो बाहेर येईपर्यंत ओट्यावर बसून राहतो.