सरांची शिक्षा

सर गेले. मला वाईट वाटलं नाही.

सकाळपासून इकडे मध्य प्रदेशात धार-देवासच्या ग्रुप्सवर हार घातलेला फोटो फिरतोय. नाव लिहीत नाही. फोटो पाहिलेल्यांना कळेलच.

माझी धाकटी बहीण मिनू तेव्हा सात वर्षांची. वाचताना अडखळायची, म्हणून शाळेनं बुद्धीची टेस्ट करायला धारला सरांकडे पाठवलं. मी कॉलेजात होतो. तिच्या शेजारीच बसलो होतो.

सरांनी विचारलं, "बेटा, शिक्षा सबको क्यों मिलनी चाहिए?"

मिनूनं नीट विचार केला.
"सबको नहीं. जिसने गलती की, बस उसको."

हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण. आमच्या मराठी घरातली शिक्षा म्हणजे कोपऱ्यात उभं राहणं.

सरांनी फुली मारली.

मला कळलं होतं. मी बोललो नाही. घाबरलो, की तिच्या मराठीची लाज वाटली? अजून ठरवता आलेलं नाही.

वीस मिनिटांत कागद हातात. मंदबुद्धि.

शाळेनं नाव काढलं. मिनू सहा वर्षं घरी बसली.

मग देवासला एक मॅडम भेटल्या. रीतसर मानसशास्त्र शिकलेल्या, सरकारी नोंदणी असलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "घरी कोणती भाषा बोलता?" दोन दिवस मराठीत तपासलं. बुद्धी चांगली. अडचण फक्त वाचनाची.

तो रिपोर्ट घेऊन मी धारला गेलो. सरांना विचारलं, ट्रेनिंग कुठं झालं? भिंतीवर सात दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट होतं. फ्रेम केलेलं. नोंदणी नव्हतीच.

"अरे भिया, डिग्री से क्या होता है? मैं तो शकल देखके बता देता हूँ."

वर चहा पाजला. खोटं कशाला लिहू, चहा चांगला होता.

मी तीनदा तक्रार केली. काही झालं नाही. पुढे सर दुसऱ्यांना ट्रेनिंग द्यायला लागले.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, आई म्हणते. मलाही तसंच वाटत आलंय. म्हणून मिनूला फोन केला. टाकू का?

"टाक दादा. आणि मला वाचून दाखव."

धामनोदपासून हाटपिपल्यापर्यंत ज्यांच्या घरी सरांच्या सहीचा कागद असेल, त्यांनी मला मेसेज करा. मुलाला पुन्हा तपासून घेऊ, आधी नोंदणी क्रमांक बघून. मी सोबत येईन. एकेक कागद खोटा ठरवू.

सर, तुम्हाला शिक्षा नव्हती.
आता होणारही नाही.

पोस्ट भावपूर्ण आहे. श्रद्धांजली नाही.