फॅट

दूध केंद्रावरच्या माणसानं दुधाची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि सगळ्या बायांसमोर विचारलं, "बाई, पानी मिलाते क्या?" चिठ्ठीवर फॅट कमी होतं. आमच्या संकरित गायीची धार सासू काढायची, कॅन मी न्यायची. सासूनं आयुष्यात दुधात थेंबभर पाणी घातलं नव्हतं, आणि आता पाण्याच्या बोरिंगवर बाया तिला पानीवाली म्हणू लागल्या. तिनं तिकडं जाणंच सोडलं. माझा जीव जळायचा.

फॅट म्हणजे चरबी, एवढं इंग्रजी मला येत होतं. बारावी पास ना मी. म्हटलं, गाय अंगानं भरली की दुधातही उतरेल. धान निघाल्यावर त्याच शेतात, बांधीत, लावलेला मका घरात पोत्यानं पडला होता. तो भरडून टोपलं टोपलं चारू लागले आणि तणस कमी केली. धानाच्या त्या वाळक्या काड्यांत कसली आली चरबी?

"तणस काऊन तोडून राहिली?" सासू म्हणाली. "जनावराचं पोट हाय ते."

"तुमाले नाही समजत," मी म्हटलं.

गाय चांगली गुबगुबीत झाली. फॅट आणखी उतरलं. मी आणखी मका घातला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, आमची तर गायच गेली. एका सकाळी तिनं चाऱ्यावरून तोंड फिरवलं, आंबूस वासाचं पातळ शेण टाकलं आणि बसली ती उठलीच नाही. गोंदियाहून डॉक्टर येईपर्यंत तिनं मान टाकली होती.

"संकरित गायीचं दूध पातळच राहते," डॉक्टर म्हणाले. "फॅट तणसानं वाढते बाई, एवढ्या मक्यानं उतरते. तोच पोटात आंबला."

मी तशीच केंद्रावर गेले. म्हटलं, निदान आता तरी दुधाचं दूध न् पाण्याचं पाणी होईल. त्या माणसानं ऐकलं आणि म्हणाला, "दूध लाओ, फिर देखते." दूध कुठून आणू?

घरी सासू रिकाम्या गोठ्यात बसली होती. वर न पाहता म्हणाली, "आता त गाय नाही. खरं सांग, रस्त्यानं तू पाणी टाकत होती काय?"

मी तिच्या नावासाठी तडफडत होते आणि ती इतके दिवस माझ्यावरच संशय धरून होती. "पाणी नाही, आई. मका," मी म्हटलं, आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. बरं म्हणाली.

आताशा दुसरी गाय घ्यायची गोष्ट निघते. सासूचे गुडघे गेलेत, चार पावलं टाकवत नाहीत. तरी म्हणते, "कॅन मीच नेईन."