उशिरा मिळालेलं थायमिन

माझा धाकटा भाऊ अकोल्यात कापसाची दलाली करायचा. बोलायला गोड, पण दिवस मावळला की बाटली लागायचीच. त्याची बायको, माझी वहिनी, वारली आणि त्याचं जेवण सुटलं. त्याची लेक रोज पोळी-भाजी झाकून ठेवी, सकाळी ती तशीच सापडे.

मागच्या उन्हाळ्यात उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्याने आपणहून दारू सोडली. आणि तेव्हाच झोकांड्या जायला लागल्या. लेकीचा फोन आला तशी मी अमरावतीहून निघाले. पोचले तेव्हा तो भिंत धरून उभा होता. बुबुळं सारखी थरथरत होती.

"मी नाई घेतली वो ताई. तुही शप्पत."

दारात जमलेले शेजारी हसले. लेकीने त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बी-वन, म्हणजे थायमिन, अंगात उरलंच नाही. त्याच्यावरच मेंदू तगतो. दारू आणि उपास, दोन्हींनी ते संपवलं."

शिरेतून इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी डोळे स्थिरावले आणि आम्हाला वाटलं, सुटलो. संध्याकाळी तो हसून म्हणाला, "सकायीच दर्यापूरहून आलो जीपनं. तुही वहिनी मांगून येऊन राहिली."

लेक उठून बाहेर गेली.

"खोटं नाही बोलत ते," डॉक्टर म्हणाले. "आठवण राहत नाही, म्हणून मेंदू काहीतरी भरून काढतो."

"हेच औषध आधी मिळालं असतं तर?"

"बरंचसं वाचलं असतं. कदाचित."

त्या 'कदाचित'वर मी अजून डोकं आपटते. गल्लीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारी गोळी!

आता तो माझ्याकडे अमरावतीला असतो. गोळ्या चालू आहेत. चालतो बरा, जेवतो पोटभर. वहिनीला रोज विचारतो. आधी मी खरं सांगायची, आणि तो दर वेळी नव्याने रडायचा. आता सांगत नाही.

यंदा लेकीचं लग्न झालं. त्याने कन्यादान केलं, डोळे पुसत अक्षता टाकल्या. पाठवणीच्या वेळी ती पाया पडली तर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "कोनाची पोरगी वो ही? कावून रडून राहिली?" मग जरा काळजीने, "आपल्या पोरीचंही आता पाहा लागते, ताई."

तिने ते ऐकलं. पदर सावरला आणि गाडीत जाऊन बसली.