खालचा उजेड

उजेडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते दिलं बायकोने. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर ग्रीस आणि लोखंड. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी कपाट उघडणार आणि बॅटऱ्या टेबलावर मांडून बसणार. लांब, आखूड, पितळेच्या, अ‍ॅल्युमिनिअमच्या, एक तर चक्क रबराची. "एवढ्या बॅटऱ्या जमवल्यात, पण घरात उजेड काय पाडलात?" असं ती एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली. पाहुण्यांनी हसून हसून ते नाव उचललं आणि गावभर केलं. त्यांना राग आला नाही. उलट ते म्हणाले, निदान खरं तरी आहे.

त्यांच्यासारखी आणखी काही माणसं होती. खुळ्यांना खुळे कसे सापडतात कोण जाणे, पण सापडतात. सुट्टीच्या सकाळी घड्याळजींच्या दुकानात ही मंडळी जमत. घड्याळजी अर्ध्यावर शटर ओढत, दिवा मालवत, आणि नवी आलेली बॅटरी हातोहात फिरे. त्यांचा एक नियम होता. प्रत्येकाने डोळे मिटून ती उघडायची, सेल काढायचे, परत घालायचे आणि डोळे मिटूनच लावून दाखवायची. जी अशी जुळत नाही ती बॅटरी नव्हे, खेळणं. रात्रपाळी करणारी एक नर्स त्यांच्यात होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. ती फार बोलत नसे, पण एकदा म्हणाली होती, "पेशंटच्या डोळ्यात उजेड टाकायचा असतो तेव्हा बॅटरीने डोकं चालवू नये. डोकं मी चालवते." उजेडरावांना ते इतकं पटलं की घरी येऊन त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं.

त्यांची स्वतःची लाडकी बॅटरी अगदी साधी होती. हातभर नाही, वीतभर. जाड अ‍ॅल्युमिनिअमची नळी, मागे एक कडी, पुढे खरबरीत डोकं. डोकं उजवीकडे फिरवलं की लागायची, डावीकडे फिरवलं की विझायची. बस्स. बटण नाही, रंग नाही, मंद-तेज नाही. ती जिन्यावरून गडगडली होती, पाण्याच्या टाकीत पडली होती, एकदा तिच्यावरून हातगाडी गेली होती. प्रत्येक वेळी उजेडरावांचाच जीव वरखाली झाला, तिला काही झालं नाही. हातमोजा घालून, ग्रीसच्या बोटांनी, दातांत धरूनसुद्धा ती लागायची. तिचं नाव 'साधी'. बाकीच्यांना नावं नव्हती.

कामावर त्यांच्या जोडीला मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर त्याला ताईनेच लहानाचा मोठा केला होता. आता चांगला बाप्या झाला होता, खांदे दाराएवढे, पण ताईच्या नजरेत तो अजून शाळेचं दप्तर विसरून आलेला पोरगाच. धंद्यात त्याला घातला उजेडरावांनी, आणि त्या दिवशी ताईने एकच सांगितलं, "याला मी तुमच्या हवाली करतेय. जसा नेता तसा आणायचा."

वीज गेली की लिफ्ट मधेच अडकते. अशा वेळी एकाने सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत जायचं. तिथे ब्रेकला लोखंडी दांडा अडकवून तो दाबून धरायचा, म्हणजे ब्रेक सुटतो, आणि मोठं चाक हाताने फिरवायचं. लिफ्टमध्ये माणसं कमी असली की फिरवावंही लागत नाही. पलीकडचं वजन जड असतं, त्यामुळे ब्रेक सुटला की लिफ्ट आपोआप वर ओढली जाते. दुसऱ्याने लिफ्टच्या छतावर उतरून बघत राहायचं. दोघांच्या मधे एक उभी, काळोखी विहीर. तिथे ओरडून उपयोग नसतो, आवाज भिंतींवर आपटून त्याचा नुसता गोंगाट होतो. म्हणून या दोघांनी बॅटरीची खूण ठरवली होती. खालून सरळ उजेड दिसला, तर हात लावायचा नाही. काचेवर तळवा ठेवून दोनदा झाकउघड केली, तर ब्रेक सोडायचा.

खूण चोख होती. घोटाळा झाला तो बॅटरीत.

मेहुण्याची जुनी बॅटरी गेली तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, ती तुमची साधी द्या ना मला. मला ती बरी वाटते." ताईही म्हणाली, "द्या हो. तुमच्याकडे ढीग पडलाय."

उजेडरावांनी साधी मुठीत घट्ट धरली. माणूस दिलदार होता, जेवायला बसलेला असताना कोणी आलं तर आपलं ताट पुढे करील, पण साधी? त्यांनी कपाट उघडलं आणि एक नवी कोरी बॅटरी काढली, कुणीतरी भेट दिलेली. घड्याळजींच्या दुकानात तिची यथेच्छ टिंगल झाली होती आणि सिस्टरने तिचं नाव 'सर्कस' ठेवलं होतं. एकच बटण. एकदा दाबलं की मंद, पुन्हा दाबलं की तेज, पुन्हा दाबलं की लाल, आणि पुन्हा दाबलं की अशी फडफडायची की डोळ्यांसमोर काजवे. "ही बघ," ते म्हणाले, "साधीच्या दुप्पट उजेड आहे." खोटं नव्हतं. उजेड दुप्पटच होता. पण जी वस्तू आपण स्वतः खिशात घालणार नाही ती कौतुक करून दुसऱ्याच्या हातात द्यायची, ही शौकिनांची जुनी खोड. मेहुण्याने ती घेतली, दोनचार वेळा दाबून पाहिली आणि हसला. ताई हसली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी एका कचेरीच्या इमारतीतून बोलावणं आलं. वीज गेली होती, लिफ्ट वरच्या दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत हिशेब खात्यातल्या एक बाई एकट्या होत्या. बाईंना दमा. औषध टेबलाच्या खणात.

मेहुणा लिफ्टच्या छतावर उतरला. उजेडराव गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. शेजारीच जनरेटर धडधडत होता. त्यावर कचेरीतले दिवे चालत होते, लिफ्ट नाही. आवाज एवढा की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं, म्हणजे खालचा उजेड नीट दिसेल. साधी लावून खिळ्याला टांगली, दांडा ब्रेकला अडकवला आणि दोरखंड जिथून खाली जातात त्या भोकाशी गुडघ्यावर बसले. खाली पांढरा, सरळ उजेड दिसत होता. हात लावायचा नाही. ठीक.

इमारतीचे मॅनेजर दार ढकलून आत आले आणि दार मागे पुन्हा लोटलं गेलं. घामाने थबथबलेले. "आतून उत्तर येत नाहीये," ते उजेडरावांच्या कानाशी ओरडले. "मघाशी दारावर थाप मारली की बाई थाप मारत होत्या. आता काहीच नाही. काय चाललंय काय तुमचं?"

"खालून खूण आली की लगेच सोडतो. दोनदा उजेड झाकला की सोडायचं, असं ठरलंय."

"लवकर करा हो! माणूस मरेल आत!"

आणि तेवढ्यात खालचा उजेड लपलपायला लागला.

"आली!" मॅनेजर किंचाळले. "आली खूण, सोडा!"

उजेडरावांचा हात दांड्यावर होता. बोटं आवळली गेलीसुद्धा. खाली उजेड जात होता, येत होता, जात होता, येत होता. दोनदा नाही, सारखा. मेहुण्याला घाई झाली असेल, बाईंचं कण्हणं त्याला ऐकू येत असेल, म्हणून तो सारखा तळवा हलवत असेल. असेल. पण त्यांच्या मनात काहीतरी अडलं. हा उजेड फार शिस्तीत लपलपत होता. माणसाचा हात असा हलत नाही. माणसाचा हात एकदा लांबतो, एकदा चुकतो. हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं, अर्ध्यावर ओढलेल्या शटरमागे, सगळे खो खो हसत असताना.

सर्कस.

त्यांचा हात दांड्यावरून असा उडाला जणू चटका बसला.

"काय झालं? सोडा ना!"

"ही खूण नाही."

"मला दिसतंय ना डोळ्यांनी! तुम्हाला दिसत नाही का?" मॅनेजर दांड्याकडे झेपावले. उजेडरावांनी दांडा ब्रेकमधून उपसून काढला आणि गुडघ्याखाली दाबून धरला. आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता, पण त्या क्षणी उगारला असता.

"बाई गेल्या तर जबाबदार तुम्ही!" मॅनेजर ओरडले.

"हो, मी," उजेडराव म्हणाले. ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

ते चुकत असतील तर खाली एका बाईंचा श्वास संपत होता. ते बरोबर असतील तर मेहुणा खूण करू शकत नव्हता, म्हणजे बॅटरी त्याच्या हातात नव्हती, म्हणजे तो धड उभा नव्हता. आणि ब्रेक सुटला असता तर लिफ्ट त्याला घेऊन वर आली असती, भिंतीतून बाहेर आलेल्या प्रत्येक लोखंडी तुकड्याला घासत. ते भोकावर वाकले आणि त्यांनी जीव तोडून हाक मारली. जनरेटरने ती गिळून टाकली. साधीचा झोत खाली सोडला, पण त्या फडफडत्या उजेडात सगळं तुटक तुटक दिसत होतं. एक हात. मग काही नाही. मग पुन्हा हात. तो हात 'वर' म्हणत होता की 'थांबा', देव जाणे.

जिन्याने धावत जावं, तर मागे हा माणूस, हा ब्रेक आणि ही घाई.

खिशात ओळंब्याची दोरी होती, लिफ्टची उभी रेघ तपासायची. त्यांनी ओळंब्याचं वजन सोडवलं आणि दोरी साधीच्या कडीला बांधली. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग लागलेली साधी भोकातून आत सोडली आणि दोरी हातातून सरकू दिली. उजेड गोल गोल फिरत, भिंतींवर आपटत खाली जाऊ लागला. मशीनच्या खोलीत अंधार झाला. ती साधी इतकी वर्षं उजेडरावांच्या हातात होती, पण आपल्यापासून दूर जाताना त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

दोरी सैल झाली. मग ताणली गेली. कुणीतरी ती पकडली होती.

उजेड स्थिर झाला. सरळ, पिवळसर, हलत नाही असा. हात लावायचा नाही.

"आहे," उजेडराव म्हणाले. "आहे तो."

मग जे थांबणं आलं ते त्यांना जन्मात विसरता येणार नाही. उजेड तिथेच होता. खाली काय चाललं होतं ते कळत नव्हतं. मॅनेजर भिंतीला टेकून नुसते "देवा, देवा" करत होते. अखेर उजेड झाकला गेला. उघडला. झाकला गेला, जरा जास्तच वेळ. उघडला. वेडीवाकडी, माणसाच्या हाताची झाकउघड.

उजेडरावांनी गुडघ्याखालचा दांडा घेतला, अंधारात चाचपडत ब्रेकला अडकवला आणि दाबून ब्रेक सोडला. चाक सावकाश फिरलं. लिफ्ट कुरकुरत वर सरकली. खालून पुन्हा सरळ उजेड आला, त्यांनी ब्रेक पुन्हा लावला, आणि मजल्यावरचं दार उघडल्याचा खणखणाट पायांखाली जाणवला.

ते जिन्याने धावत उतरले. बाईंना खुर्चीवर बसवलं होतं, तोंडाशी औषध होतं, चेहरा निळसर, पण छाती वरखाली होत होती. मेहुणा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी आणि घोट्याशी सोललेला.

"पाय सटकला, भाऊजी. छताच्या कडेवरून खाली गेला आणि फटीत बसला गच्च. ती बॅटरी हातातून उडाली, बटणावर दोनदा आपटली आणि तिचं लपलपणं सुरू झालं. पार त्या टोकाला पडलेली, हात पोचेना. ती तशी लपलपताना मला फटीतलं काही दिसेना. तुमची आली तेव्हा दिसलं की बूट अडकलाय, पाय नाही. नाडी सोडली आणि निघालो." त्याने अनवाणी पायाचा अंगठा हलवून पाहिला. "वर बघून मी सारखा म्हणत होतो, आता सोडणार, आता सोडणार."

उजेडरावांनी त्याच्याजवळ बसून त्याचा घोटा हातात घेतला.

घरी मेहुण्याने ताईला सगळी गंमत करून सांगितली. बूट कसा लिफ्टने खाल्ला, मॅनेजरसाहेब कसे देवाचा धावा करत होते. पाय फटीत होता तेवढं मात्र त्याने गाळलं. पण त्याने पिशवी टेबलावर ठेवली होती आणि पिशवीच्या कापडातून उजेड अजून लपलपत होता. आपटल्यापासून सर्कस बंदच होईना. ताईने ती बाहेर काढली, बटण दाबून पाहिलं, मंद झाली, तेज झाली, लाल झाली, पुन्हा लपलपायला लागली. मग तिने भावाच्या सोललेल्या घोट्याकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे.

"ही होती याच्याकडे?"

उजेडरावांनी मान हलवली.

"मी साधी मागितली होती."

"हो," ते म्हणाले. "द्यायला हवी होती. माझा हात सुटला नाही तिच्यावरून."

ताईने सर्कसचं झाकण पिळून सेल काढून टाकले, तेव्हा कुठे ती विझली. मेहुण्याने खिशातून साधी काढून भाऊजींसमोर ठेवली. ओळंब्याची दोरी अजून कडीला होती आणि काचेवर एक नवा ओरखडा होता. उजेडरावांनी ती उचलली, दोरीची गाठ सोडवली, डोकं एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवून पाहिलं. मग ती मेहुण्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला.

"आणि तुम्हाला वर काय?" मेहुण्याने विचारलं.

"मला वर काही नको. मला खालचा उजेड दिसला की झालं."