बघायला आलेल्यांपुढे सांगितलेली कविता

नव्वदीच्या दशकात आमच्याकडे मुलगी 'नको' म्हणत नसे. तोंड होतं हो, पण विचारत कोण होतं? नको म्हणायचं ते बघायला आलेल्यांनी. मुलीनं पोह्यांच्या बश्या फिरवायच्या, खाली बघत बसायचं आणि निकालाची वाट बघायची. हा प्रकार माझ्या डोक्यात जायचा. त्या रविवारी सांगलीकडची मंडळी येणार म्हणून आईनं मला सकाळपासून साडीत गुंडाळून ठेवलं होतं, आणि बसले तर निऱ्या मोडतील म्हणून नीट बसूही देत नव्हती. मी साताऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम.ए. करत होते. एप्रिलात शेवटची परीक्षा होती.

स्थळ मोठं होतं. मुलाचे वडील एका साखर कारखान्याचे चेअरमन, नजर पोचेल तिथवर ऊस, दारात दोन जीपगाड्या. रहिमतपूरच्या मामानं आणलेलं. "दिवा घेऊन हुडकलं तरी असं घर मिळायचं न्हाई," असं तो आल्यापासून म्हणत होता. त्या घरच्या सुना शिकायला जात नाहीत, उंबऱ्याबाहेर पडल्या तर गाडीतून देवाला, हेही त्यानंच कौतुकानं सांगितलं. माझे वडील सैन्यातून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांच्यापुढं घरात कोणी दुसऱ्यांदा बोलत नसे. मी परीक्षेचा विषय काढला तर म्हणाले, "पहले ये काम होऊ दे. बाकी बाद में." ते 'बाद में' कधीच येत नाही, हे आम्हां सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणजे मला एकच वाट उरली. त्यांनीच मला नापसंत करायला पाहिजे होतं.

मंडळी आली. चेअरमन मधल्या खुर्चीत बसले. त्यांच्या शेजारी मुलगा, पांढऱ्या शर्टात, पंख्याकडे बघत. मला समोर स्टुलावर बसवलं. मागं भिंत, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला वडील, दाराच्या पडद्याआड आई. उठून जायचं म्हटलं तर कोणाच्या तरी गुडघ्याला धक्का लागला असता.

"काय शिकतीस बाळ?" चेअरमननी विचारलं.

मी सांगितलं. तेव्हा इतर मुलींना वर्तमानपत्र वाचायला लावत, नाहीतर कागदावर नाव लिहून मागत. माझं इंग्रजी म्हटल्यावर ते खुलले. "मग म्हणून दाखव की एखादी कविता. आमालाबी ऐकू दे."

मामा कानाशी पुटपुटला, "फुलाबिलांवरची म्हण. बारकी."

फुलांवरच्या मला ढीगभर येत होत्या. पण त्याच आठवड्यात सरांनी एक वेगळी कविता शिकवली होती, जुन्या काळच्या एका इंग्रज कवीची. सर म्हणायचे, कविता हातात घेतली की उपदेश शोधत बसू नका. बोलतंय कोण आणि हसतंय कोणाला, एवढं बघा. मी तीच म्हटली. पाठ होती, घडाघडा म्हटली. खोलीतल्या कोणालाही ओ की ठो कळलं नाही आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता अर्थ सांग मराठीत," चेअरमन म्हणाले. "आमचं इंग्रजी सहीपुरतंच."

मग मी सांगायला लागले. एक राजा होता. त्यानं राजवाड्याच्या वाटेवर दगडी कमान बांधली आणि मुद्दाम ठेंगणी बांधली, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वाकूनच आत यावं लागेल. पुढं राजवाडा पडला, वाट मोडली. रानात नुसती कमान उरली. आता तिच्यातून वासरं येतात-जातात, आणि वासरांना वाकावं लागत नाही.

इथंच थांबले असते तर ती गोष्ट झाली असती. मला नापसंती पाहिजे होती, म्हणून मी पुढं गेले. म्हटलं, कवी राजाला शिव्या देत नाही, तो नुसता वासरं दाखवतो, आणि हसू तिथंच आहे. आणखी एक, जे कवीनं लिहिलेलंच नाही: त्या कमानीतून रोज राजालाही जावं लागत असणार. म्हणजे लोकांना वाकवायच्या नादात तो स्वतः जन्मभर वाकत राहिला आणि त्याला ते कळलंही नाही. वर म्हटलं, "आपल्याकडंही तेच आहे. खुर्ची आहे तोवर लोक वाकतात. चेअरमन असो नाहीतर राजा."

मामानं बशी खाली ठेवली. वडिलांनी घसा खाकरला, म्हणजे पुढं संध्याकाळी काय होणार ते मला समजलं. पण मनातून मला आनंदच झाला. सुटले, असं वाटलं.

चेअरमननी मांडीवर थाप मारली आणि हसायला लागले.

"आवं सुभेदार, हे तर आमच्या मागल्या चेअरमनचं झालं की. त्यानं असंच समद्यांना वाकवलं. आन आता कुत्रं विचारत न्हाई त्याला." ते डोळे पुसायला लागले. वडील हसले. मामा हसला. बाप हसतोय म्हटल्यावर मुलगाही पंख्यावरनं नजर काढून हसला.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? की साहेब, ही तुमच्यावर आहे? इतकं धाडस माझ्यात नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "माझी एप्रिलात परीक्षा आहे."

"आता कशाला परीक्षा?" ते मायेनंच म्हणाले, हे विशेष. "इतकं झ्याक कळतंय तुला. आनखी काय शिकायचं राह्यलंय? पुढल्या निवडणुकीला बायकांच्या सभेत तूच बोल. हीच गोष्ट सांग."

वडिलांनी आतल्या दाराकडं बघून साखर आणायला सांगितली.

मी बश्या गोळा करून आत गेले. आई ओट्याशी साखरेचा डबा उघडत होती. तिनं पडद्याआडून सगळं ऐकलं होतं, आणि कविता मी कशासाठी सांगितली हे त्या घरात तिला एकटीला समजलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"नापसंतच व्हायचं होतं तर त्यांच्या अंगावर चहा सांडायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "कविता कशाला सांगत बसलीस?"

मला संताप आला. म्हटलं, "चहा सांडून काय होतं?"

"मी सांडला होता," आई म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा, तुझ्या आज्जाच्या धोतरावर. मुद्दाम."

"मग?"

तिनं वाटीत साखर भरली, वरनं चमच्यानं सारखी केली.

"मग काय. त्यास्नी वाटलं, पोरगी लाजरी हाय."