यंदा पॉइनसेटिया हिरवीच

नोएडातल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी ग्रीनहाउस बांधून घेतलं, तेव्हा नवऱ्याने त्याचं नाव ‘तुझं मंत्रालय’ असं ठेवलं. तो स्वतः खऱ्या मंत्रालयात नोकरीला, त्यामुळे हा विनोद त्याला फार आवडतो आणि तो दर आठवड्याला नव्याने करतो. लोखंडी पाइप, वर जाड प्लास्टिक, एक दार, आत कुंड्यांसाठी दोन मांडण्या, एवढाच त्याचा थाट. पण दार लावून आत उभं राहिलं की दिल्लीची थंडी, धूर आणि सासरची माणसं, तिन्ही बाहेर राहतात. निदान माझी तशी समजूत होती.

त्या वर्षी आत फक्त पॉइनसेटिया होती, आणि तीही माझी नव्हे, खालच्या मजल्यावरच्या काकूंची. काकू मूळच्या नगरच्या, ख्रिस्ती, इथल्या हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी पिठलं-भाकरी वर पाठवली आणि मी त्यांची झाले. दर नाताळला त्यांच्या दाराच्या दोन्ही बाजूंना पॉइनसेटियाच्या लालभडक कुंड्या असायच्या. काका त्या दाखवताना पोरगी बोर्डात पहिली आल्यासारखे उभे राहायचे. “हातगुण लागतो,” म्हणायचे. मी तोंडाने वा वा करायचे आणि मनातून जळायचे, कारण तोवर माझ्या हातून फक्त मनीप्लांट जगला होता, तोही बाथरूममध्ये.

उन्हाळ्यात काका गेले. दारातून मागच्या अंगणात हलवलेलं त्यांचं एकच झाड उरलं होतं, उंच, काटकुळं, खाली पानं गळालेलं. काकू मला तिथे घेऊन गेल्या.

“नाताळ झाला की मी लेकीकडे नाशिकला जाते आहे, कायमची,” त्या म्हणाल्या. “इथला हा शेवटचाच नाताळ. तेवढं यांचं झाड दारात लाल झालेलं बघायचंय गं मला.”

आता नाही कोण म्हणणार? पावसाळ्यात मी त्या झाडाच्या काड्या कापल्या, हाताला चीक लावून घेतला, खाजवत खाजवत काड्या लावल्या. जगल्या! पानं फुटल्यावर शेंडे खुडले, म्हणजे झाड उंच न जाता डेरेदार होतं. पांढऱ्या माशीशी युद्ध केलं. वाचून वाचून मी एवढी विद्वान झाले की जेवणाच्या टेबलावर घरातले विषय बदलायला लागले. त्या विद्वत्तेचा सारांश असा: पॉइनसेटियाची लाली फुलांची नाही, शेंड्याकडच्या पानांची, आणि ती चढायला ऑक्टोबरपासून रोज रात्री गडद अंधार लागतो. म्हणून मी गच्चीवरचा बल्बच काढून टाकला.

आणि नेमकं दसऱ्यानंतर मला पुण्याला जावं लागलं. मोठ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ग्रीनहाउसची किल्ली मी सासऱ्यांच्या हाती दिली. सासरे साताऱ्याचे, निवृत्त हेडमास्तर. त्यांना काही सांगायचं म्हणजे आपलीच परीक्षा असते.

“बाबा, पाणी बेताचं घाला. आणि अंधार. काही झालं तरी अंधार.”

“अगं, मी शाळा चालवलीय. चार झाडं नाही सांभाळता येणार?”

दिवाळीच्या दिवशी बहिणीच्या उशाशी बसले असताना मुलीने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आई, सो प्रिटी ना यार!’ फोटोत आमची गच्ची होती. गच्चीवर ग्रीनहाउस. आणि ग्रीनहाउसच्या आत, अगदी मधोमध, सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने बांबूच्या कामट्यांचा केलेला भलामोठा आकाशकंदील. त्या उजेडात अख्खं प्लास्टिक असं झळाळत होतं की आमचं ग्रीनहाउसच एक आकाशकंदील झालं होतं. मी अशी ओरडले की बहिणीने काय झालं विचारायच्या आधीच नर्स धावत आली.

फोन लावला. सासरे खुशीत होते.

“सगळा सेक्टर बघायला येतोय! बाहेर वारा असतो, कागद फाटतो. इथे कसा छान राहिलाय. कोजागिरीपासून लावतोय, आधी टेस्टिंग नको?”

“बाबा, मी अंधार म्हटलं होतं ना!”

“म्हणून तर तो बल्ब मी परत बसवू दिला नाही! तुझा नवरा बसवत होता.”

त्यांच्या लेखी कंदील हा उजेड नव्हताच, ती दिवाळी होती. मी म्हटलं, उतरवा. ते म्हणाले, त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी कंदील उतरवायचा? या वयात मला असले उद्योग करायला लावतेस? मी म्हटलं, बरं, बाल्कनीत तरी हलवा. तर म्हणे एकदा टांगलेला कंदील जागा बदलत नाही. हा नियम त्यांनी त्याच क्षणी काढला होता, मी पैजेवर सांगते. नवऱ्याला सांगितलं, तर अख्ख्या मंत्रालयाच्या मीटिंगा चालवणारा हा माणूस म्हणाला, “बाबांना कोण बोलणार?”

त्रिपुरी झाल्यावर मी परतले. झाडं सुरेख डेरेदार झाली होती आणि कोथिंबिरीसारखी हिरवीगार होती. मी फक्त भांडी जरा जोरात ठेवत राहिले. सासऱ्यांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ते जुन्या काळ्या चादरी घेऊन गच्चीवर जायचे आणि एकेका कुंडीला पांघरूण घालायचे. सकाळी काढायचे. मला वाटतं ते झाडांशी बोलायचेही, कारण एकदा आतून “लाज वाटू दे जरा” असं ऐकू आलं.

पण गेलेल्या रात्री कुठून आणणार? नाताळ तोंडावर आला तरी दोन-चार शेंड्यांना जेमतेम तांबूस झाक होती.

“नर्सरीतून लाल आणू,” सासरे हळूच म्हणाले. “कुंड्या तेवढ्या बदलू. त्यांना काय कळणार आहे?”

मला ते पटत नव्हतं, पण काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे आला की पटायचं. शेवटी नाताळच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं काकूंना नुसतं भेटून येऊ म्हणून खाली गेलो, आणि काकूंनी चहा पुढे करताच हेडमास्तरांनी सगळं भडाभडा कबूल केलं. कंदील, कोजागिरी, त्रिपुरी, आणि वर नर्सरीचा बेतसुद्धा.

काकू एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

“अहो, नर्सरीत तर हेही जायचे! दर वर्षी. यांचं झाड कध्धी लाल झालं नाही. ‘केक आणतो’ म्हणून बाहेर पडायचे आणि मागच्या दाराने लाल कुंड्या आत. मी किचनमधून बघत असायचे.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?” मी विचारलं.

“कशाला? लोकांनी वा वा केली की केवढे खूश व्हायचे. पण त्याआधी झाड हिरवंच दिसलं की मी चिडवायचे हं. तुमचा हात लागला की झाड रुसतं, म्हणायचे. म्हणून तर वाटलं, एकदा तरी त्यांचं स्वतःचं झाड लाल झालेलं बघावं.” मग त्यांनी कुतूहलाने विचारलं, “पण कंदिलाचा आणि पानांचा काय संबंध गं?”

अखेर कोणीतरी विचारलं! मी सरसावून बसले.

“काकू, त्याला रात्रभर अंधार लागतो. जवळ एखादा साधा बल्ब जळत राहिला ना, तरी त्याला वाटतं अजून दिवस मोठेच आहेत. मग हात कुणाचाही असो, झाड लाल होत नाही.”

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं.

“दारात दिवा असायचा,” त्या म्हणाल्या. “माझी नाइट ड्यूटी, परत यायची वेळ ठरलेली नसायची. अंधारात कुलूप शोधत बसू नकोस, हे म्हणायचे. रात्रभर चालू ठेवायचे. मी रिटायर झाले तरी बंद केला नाही, सवय झालीय म्हणाले. आणि कुंड्या त्याच्याच खाली.”

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

थोड्या वेळाने काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “नर्सरीत कुणी जायचं नाही. त्याच कुंड्या आणा खाली.”

नाताळच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना हिरवी पॉइनसेटिया उभी होती. चर्चमधली मराठी मंडळी आली. एक बाई उंबऱ्यातच थबकल्या आणि म्हणाल्या, “हे काय, यंदा लाल नाहीत?”

“यांची कधीच लाल झाली नाहीत,” काकू म्हणाल्या. “माझ्यासाठी दिवा लावून ठेवायचे ना.”