झिंग्यांच्या डब्यातले लाडू

प्लास्टिकच्या डब्यांवर माझा राग आहे आणि तो मी कुणापासून लपवत नाही. सून म्हणते, "आई, आताच्या डब्यांना वास राहत नाही." मी म्हणते, "राहू दे, मला नको शिकवू."

गोष्ट ऐंशीनंतरची, मी कॉलेजात होते तेव्हाची. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात भांडेवाली आली आणि मायचं जुनं लुगडं देऊन मी घट्ट झाकणाचा निळा प्लास्टिकचा डबा घेतला. केवढी मिरवले मी! मायने दुसऱ्याच दिवशी त्यात सुके झिंगे भरले. वैनगंगा उशाला, आमच्याकडे झिंग्यांशिवाय आठवडा जात नसे.

ताईला तोवर दोघांनी रंगावरून नाकारलं होतं. स्वतः काय गोरेपान होते मेले! तिसरा मूल गावचा, शाळेत मास्तर. पाहायला आला तेव्हा स्वयंपाक येतो का वगैरे काही नाही. सरळ म्हणाला, "तुमाले काई विचारायचं असन तं विचारा." ताईने काही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती दिवसातून दोनदा चूल सारवायला लागली. तो तिला आवडला होता, हे चुलीलासुद्धा कळलं असेल.

मग त्यांनी आम्हाला घर पाहायला बोलावलं. एकच अडचण होती. मास्तरच्या आईने माळ घातली होती आणि स्वतःबरोबर अख्ख्या घराची मासळी बंद केली होती.

मायचा गुडघा धरलेला, म्हणून बाबा आणि मामाबरोबर मी निघाले. माय म्हणाली, "लाडू पितळी डब्यात ने वो."

"पितळी काऊन? गावंढळ दिसते," मी म्हटलं.

झिंगे काढले. निळा डबा राखेने घासला, लिंबाने घासला, सोड्याने घासला, दोन दिवस छपराच्या कवेलूंवर उन्हात टाकला. मग आत नाक घालून पाहिलं. काही वास नाही! जन्मभर झिंगे खाल्लेल्या नाकाला काय डोंबल कळणार, हे तेव्हा सुचलं नाही. तुपातले रव्याचे लाडू भरले आणि झाकण दाबलं.

मे महिना. एस्टीत पाय ठेवायला जागा नाही. डबा मी ड्रायव्हरशेजारच्या इंजिनवर ठेवला. मूल येईपर्यंत तो चांगला शिजला.

मास्तरच्या आईने डबा देवापुढे नेऊन तिथेच झाकण उघडलं आणि पदर नाकाला लावला. तुपाने डब्याचा सगळा वास पिऊन घेतला होता. देवघरात आमच्या गावचा बाजार भरला.

मामा म्हणाला, "मोटरीत एका बाईची टोपली होती जी, मच्छीची."

मामा इतकं वाईट खोटं बोलतो की मलाच लाज वाटली. "नाई," मी म्हटलं. "डबाच झिंग्यांचा आहे. मीच भरला. ताईले काईच माहीत नाई. रागवायचं तं मले रागवा."

मास्तरच्या वडलांनी खात्री करायला म्हणून एक लाडू खाल्ला. मग आणखी खात्री करायला दुसरा. बायकोने पाहताच "हे घरात नाई चालणार" म्हणत डबा उचलून ते गोठ्याकडे गेले. आम्ही डब्याविना आणि उत्तराविना परतलो.

सगळं ऐकून ताईने एवढंच विचारलं, "डबा तिथीच राह्यला?"

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आता तो रिकामा आला, की नकार समजायचा. रोज मूलची बस आली की ताई दारात उभी राहायची. मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं.

आठव्या दिवशी कंडक्टरने हाक मारली. त्याच्या हातात डबा होता, पण आमचा नव्हता. कोरा स्टीलचा. ताई म्हणाली, "तूच उघड."

आत गच्च साखर होती आणि वर मास्तरची चिठ्ठी. 'आईचं म्हणणं, धाकटी एवढं खरं बोलते तर थोरली आम्हाला पसंत आहे. फक्त येताना डबे स्टीलचे आणावेत. तुमचा निळा डबा बाबा द्यायला तयार नाहीत. रोज संध्याकाळी गोठ्यात झाकण उघडून बसतात.'

ताईने चिठ्ठी दोनदा वाचली. मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली आणि मग आठ दिवस राखून ठेवलेली एक सणसणीत थप्पड दिली.